शीआन एका दिवसात: चीनमध्ये शिकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी वाटाड्या

चीनमध्ये शिक्षणासाठी गेलेल्या विद्यार्थ्याचे पहिले काही महिने वर्ग, वसतिगृह आणि कागदपत्रे यांतच निघून जातात. शहर दिसते ते मेट्रोच्या खिडकीतून किंवा वाणसामान आणायला गेल्यावर. मग कधीतरी एक पूर्ण सुट्टी हाताशी येते आणि यादी करून सगळे पाहून टाकण्याचा मोह होतो. शीआनसारख्या शहरात या मोहाला बळी पडू नये. शांशी प्रांताच्या या राजधानीत पाहण्याजोगे इतके आहे की यादीमागे धावणाऱ्याचा निम्मा दिवस रांगांत आणि उरलेला प्रवासात जातो. त्यापेक्षा शहराचा एकच उत्तर-दक्षिण पट्टा निवडावा, घंटाघरापासून मोठ्या हंस पॅगोडापर्यंतचा, आणि दिवसभर शक्य तितके पायी फिरावे. हा पट्टा बहुतांशी मेट्रोच्या दुसऱ्या मार्गिकेवर येतो, त्यामुळे पाय थकले की जमिनीखाली उतरण्याची सोय असते. चीनच्या पहिल्या सम्राटाच्या समाधीजवळ पुरलेली मातीच्या सैनिकांची फौज या दिवसात बसत नाही. तिचा विचार शेवटी केला आहे.

हाच पट्टा का, हे कळण्यासाठी एक गोष्ट ठाऊक असावी. आज शहराभोवती जो तट उभा दिसतो तो मिंग राजवटीचा असून त्याचे बांधकाम १३७० ते १३७८ या काळात झाले. त्याच्या सात-आठशे वर्षे आधी, थांग राजवटीत, याच जागी छांगआन नावाची राजधानी होती आणि ती या तटाच्या कितीतरी पलीकडे पसरलेली होती. एकशे आठ चौकोनी पेठांमध्ये आखलेल्या त्या नगरीचा जेमतेम सातवा हिस्सा मिंग तटाच्या आत येतो. दक्षिण दरवाजातून बाहेर पडून छोट्या आणि मोठ्या अशा दोन्ही हंस पॅगोडांकडे निघालेल्या माणसाला आपण जुने शहर मागे टाकून नव्या वस्तीत चाललो आहोत असे वाटते, पण प्रत्यक्षात तो अधिक जुन्या शहरात शिरत असतो. एवढे लक्षात ठेवून चालले तर वाटेतल्या वास्तू सुट्या सुट्या राहत नाहीत.

आदल्या संध्याकाळची तयारी

पहिले म्हणजे पासपोर्ट. चीनमध्ये परदेशी व्यक्तीने तो किंवा निवास परवाना जवळ बाळगावा असा नियम आहे आणि विद्यार्थ्यांचा निवास परवाना सहसा पासपोर्टमध्येच चिकटवलेला असतो. वसतिगृहाच्या कपाटात मूळ प्रत आणि खिशात छायाप्रत, ही आपल्याकडची सवय येथे उपयोगाची नाही. संग्रहालयांची आणि बऱ्याच स्थळांची तिकिटे नावानिशी निघतात. नोंदणी करताना पासपोर्ट क्रमांक द्यावा लागतो आणि दारावर तोच पासपोर्ट दाखवावा लागतो. स्थानिक लोक आपले ओळखपत्र यंत्रावर टेकवून आत जातात. आपला पासपोर्ट ते यंत्र बहुधा वाचत नाही. अशा वेळी यंत्राशी झटापट न करता, ज्या दारावर कर्मचारी बसलेला असेल तेथे सरळ जावे.

दुसरी वस्तू म्हणजे विद्यापीठाचे ओळखपत्र. तटाचे पूर्ण तिकीट ५४ युआनचे आहे आणि पूर्णवेळ विद्यार्थ्याला अशा ठिकाणी बहुधा निम्मी सवलत मिळते. मात्र ती ऑनलाइन तिकीट काढताना नेहमी लागू होत नाही, म्हणून खिडकीवर जाऊन कार्ड दाखवणे बरे. संकोच करू नये. शिकत आहोत तर सवलत आपल्या हक्काची आहे.

फोनमध्ये अलीपे किंवा वीचॅट यांपैकी निदान एक पैसे देण्याची सोय चालू असावी, कारण रोख नोटा घेऊन निघालेल्याला लहान दुकानात सुट्या पैशांसाठी ताटकळावे लागते. गुगलचे नकाशे चीनमध्ये भरवशाचे नाहीत. गाओद किंवा बायदू यांचे नकाशे उतरवून घ्यावेत आणि जायच्या ठिकाणांची नावे चिनी लिपीत आधीच साठवून ठेवावीत. उच्चाराच्या भरवशावर टॅक्सीवाल्याला पत्ता सांगण्यापेक्षा अक्षरे दाखवणे केव्हाही चांगले. दिवसभर नकाशा, भाषांतर आणि पैसे हे सगळे एकाच फोनवर चालत असल्याने बॅटरी दुपारीच मान टाकते. दुकानांत भाड्याने मिळणाऱ्या पॉवर बँका असतात, तरीही स्वतःची जवळ असलेली बरी.

दिवस निवडताना ऑक्टोबरचा पहिला आठवडा आणि मे महिन्याचे पहिले काही दिवस टाळावेत. राष्ट्रीय दिन आणि कामगार दिनाच्या सुट्ट्यांत साऱ्या देशाची पावले अशा शहरांकडे वळतात. एप्रिल आणि सप्टेंबरचा उत्तरार्ध हे चालण्यासाठी सर्वांत सुखाचे. हिवाळ्यात जाणाऱ्याने हेही ध्यानात घ्यावे की सारा चीन बीजिंगच्या घड्याळावर चालतो, त्यामुळे जानेवारीत शीआनला सूर्योदय पावणेआठच्या सुमारास होतो. भल्या पहाटे उठून काही साधत नाही.

सकाळ: तटावर

दुसऱ्या मार्गिकेवरील योंगनिंगमन स्थानकावर उतरावे. मेट्रोत शिरताना दरवेळी पिशवी तपासणीच्या पट्ट्यावर ठेवावी लागते, पाण्याची बाटली असली तर कधी कधी तिच्यातला एक घोट पिऊन दाखवायला सांगतात. त्यात वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही. स्थानकातून वर आले की समोरच तटाचा दक्षिण दरवाजा दिसतो. सकाळी आठच्या सुमारास येथे पोहोचलेल्याला मोकळा तट मिळतो. दहानंतर सहलींचे गट येऊ लागतात.

महाराष्ट्रातले किल्ले पाहिलेल्या माणसाला या तटाची रचना वाचायला वेळ लागत नाही, मात्र प्रमाण वेगळे आहे. उंची सुमारे १२ मीटर आणि घेर १३.७ किलोमीटर. फांजी बारा-चौदा मीटर रुंद आहे, म्हणजे तिच्यावरून दोन-तीन मोटारी शेजारी शेजारी सहज जातील. आपले डोंगरी किल्ले कड्यांच्या आधाराने उभे राहिले. येथे सपाट मैदान असल्याने सारी भिस्त भिंतीच्या जाडीवर आणि बाहेरच्या खंदकावर ठेवावी लागली. साधारण दर १२० मीटरवर एक चौकोनी बुरूज पुढे आलेला आहे, असे एकूण ९८. हे अंतर मनाला येईल तसे ठरवलेले नाही. दोन बुरुजांच्या मधोमध भिंतीशी आलेला शत्रू कोणत्याही बाजूने साठ मीटरवर, म्हणजे बाणाच्या टप्प्यात सापडावा, असा तो हिशेब आहे. एखाद्या बुरुजाच्या टोकाशी उभे राहून शेजारच्या बुरुजाकडे भिंतीच्या रेषेत पाहिले की हा हिशेब डोळ्यांना पटतो.

दक्षिण दरवाजाजवळ तटावरच सायकली भाड्याने मिळतात. पूर्ण प्रदक्षिणेला दीड ते दोन तास लागतात आणि विटांची फरसबंदी खडबडीत असल्याने हात-पाठ चांगलीच हादरते. माझ्या मते पहिल्या भेटीत प्रदक्षिणेचा हट्ट धरू नये. उत्तरेकडचा तट दक्षिणेकडच्या तटापेक्षा फारसे वेगळे काही दाखवत नाही आणि तेथे घालवलेला तासभर पुढे दुपारी आठवतो. त्याऐवजी दक्षिण दरवाजापासून पूर्वेकडे वनछांगमन या दरवाजापर्यंत पायीच जावे. तेथे तटावर खुइशिंग मनोरा आहे. विद्या आणि परीक्षा यांच्या देवतेसाठी उभारलेली ही वास्तू तटावरच्या इतर इमारतींसारखी युद्धासाठी नाही. तटाच्या या कोपऱ्याच्या आत कन्फ्यूशियसचे मंदिर आणि विद्यालये होती, म्हणून ती येथे आहे. परीक्षेच्या हंगामात येणाऱ्या विद्यार्थ्याला तिची अधिक ओढ वाटल्यास नवल नाही.

शिलालेखांचे अरण्य

वनछांगमनपाशी खाली उतरले की बेइलिन संग्रहालय, म्हणजे शिलालेखांचे अरण्य, अगदी जवळ आहे. घाईत असलेले प्रवासी ते वगळतात, आणि चिनी लिपी वाचता येत नसेल तर ओळीने उभ्या काळ्या शिळांमध्ये काय पाहायचे हा प्रश्न रास्त आहे. तरीही विद्यार्थ्याने ते वगळू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

येथील संग्रहाची सुरुवात १०८७ साली झाली, आणि ती ज्या शिळांसाठी झाली त्या होत्या अभ्यासक्रमाच्या. थांग राजवटीत ८३७ साली कन्फ्यूशियस परंपरेचे बारा ग्रंथ ११४ शिळांवर दोन्ही बाजूंनी कोरून पूर्ण झाले. हस्तलिखितांची नक्कल करताना चुका शिरत आणि एकाच वाक्याचे पाठ ठिकठिकाणी वेगळे होत. परीक्षा देणाऱ्यांना प्रमाण पाठ एकाच जागी मिळावा म्हणून हा खटाटोप. छपाई सर्वत्र रुळण्यापूर्वीचे हे क्रमिक पुस्तक, पाने उलटण्याऐवजी ज्याच्याभोवती चालावे लागते असे. शिळांच्या दोन रांगांमधून चालताना अक्षरांचा आकार पाहावा: वाचणाऱ्याने उभे राहून उतरवून घ्यावे इतकेच ते मोठे आहेत, लांबून दिपवण्यासाठी नाहीत.

दुसरी न चुकवण्याजोगी शिळा ७८१ सालची आहे. दगडी कासवाच्या पाठीवर उभ्या असलेल्या या लेखात सीरियाई परंपरेचा ख्रिस्ती धर्म ६३५ साली छांगआनला पोहोचल्याची हकीकत आहे. मजकूर चिनी आहे, मात्र तळाशी आणि कडांवर सीरियाई लिपीतील नावे कोरलेली दिसतात. ती ओळखायला चिनी येण्याची गरज नाही, कारण भोवतालच्या चौकोनी अक्षरांमध्ये तिची वळणदार रेघ लगेच वेगळी पडते. केरळच्या सीरियाई ख्रिस्ती परंपरेशी परिचय असलेल्या भारतीयाला येथे थांबावेसे वाटेल.

संग्रहालयातून पश्चिमेला शूयुआनमन नावाची गल्ली दक्षिण दरवाजाकडे परत नेते. कुंचले, शाईच्या वड्या, कागद आणि शिलालेखांचे ठसे विकणारी दुकाने येथे ओळीने आहेत. ठसा घेताना ओला कागद दगडावर दाबून बसवतात, केसांच्या ब्रशने ठोकून अक्षरांच्या खाचांत उतरवतात आणि तो अर्धवट वाळला की शाईच्या गादीने वरून टिपतात. खाचेतला भाग पांढरा राहतो. दुकानांतले ठसे बहुतांशी प्रतिकृतींवरून घेतलेले किंवा छापील असतात, तेव्हा प्राचीन म्हणून मोठी किंमत मागणाऱ्याला हसून नकार द्यावा. कुंचला मात्र जरूर घ्यावा.

दुपार: जेवण

दक्षिण दरवाजातून घंटाघरापर्यंत मेट्रोचे एक स्थानक आहे. पायी गेल्यास पंधरा-वीस मिनिटे. घंटाघर १३८४ सालचे आहे. ते मुळात पश्चिमेकडे होते आणि शहराचा मध्य सरकल्यावर १५८२ साली उचलून आजच्या जागी आणले. आता ते रहदारीच्या वर्तुळात अडकलेले असल्याने आत जाण्यासाठी भुयारी वाटेने जावे लागते. बाहेरून पाहिले तरी पुरे. जवळचे नगारघर १३८० सालचे, आणि त्याच्या कमानीखालून पुढे गेले की ह्वेई मुस्लिमांचा मोहल्ला सुरू होतो.

कमानीतून सरळ जाणारा बेइयुआनमन हा रस्ता छायाचित्रांत नेहमी दिसतो, आणि तो तसाच आहे: काठ्यांवर मांस, डाळिंबाचा रस, जोरजोरात हाका मारणारे विक्रेते. दहा मिनिटांत तो पाहून होतो. जेवायला पश्चिमेकडच्या आतल्या गल्ल्यांत जावे. दापियुआन किंवा साजिनछ्याव येथे शहरातले लोक जेवतात, आणि जेथे आजूबाजूच्या टेबलांवर शीआनची बोली ऐकू येते तेथे बसण्यात सहसा फसगत होत नाही. दुकाने हलाल असल्याने येथे डुकराचे मांस नसते. मोहल्ल्याबाहेर मात्र रौज्यामो या भरलेल्या पावात बहुधा तेच असते, तेव्हा वर्ज्य असणाऱ्याने हा फरक ध्यानात ठेवावा. बऱ्याच दुकानांत दारू चालत नाही आणि बाहेरचे खाणे आत आणलेले रुचत नाही.

मांसाहार करणाऱ्याने यांगरौ पाओमो घ्यावे, आणि वेळ राखून घ्यावे. मागणी नोंदवल्यावर प्रथम येते ते रिकामे मोठे वाडगे आणि एक किंवा दोन जाड, अर्धवट भाजलेल्या कडक भाकऱ्या. त्या स्वतःच्या बोटांनी कुस्करायच्या असतात, साधारण सोयाबीनच्या दाण्याएवढ्या. घाई करून मोठे तुकडे टाकले तर रस्सा आतपर्यंत मुरत नाही. सराईत गिऱ्हाईक गप्पा मारत पंधरा-वीस मिनिटे हे काम करते. वाडगे भरले की क्रमांकाच्या बिल्ल्यासह ते आत जाते आणि मटणाचा रस्सा, शेवया आणि मांस घालून पुन्हा उकळून येते. सोबत गोड मुरवलेला लसूण आणि मिरचीचा ठेचा असतो. वाडगे ढवळू नये. कडेने थोडे थोडे खात मध्याकडे जावे, म्हणजे वाफ टिकते आणि चव पातळ होत नाही.

शाकाहारी विद्यार्थ्याची शीआनमध्ये उपासमार होत नाही, कारण हा गव्हाचा प्रदेश आहे. योपो म्येन या रुंद नूडल्सवर तिखटाची पूड आणि लसूण ठेवून वरून कडकडीत तेल ओततात. तो चर्र आवाज आणि पाठोपाठ उठणारा वास थेट आपल्या फोडणीचा. ल्यांगपी हा थंड, आंबट-तिखट प्रकारही बहुधा मांसाविना असतो. मात्र 'मांस नको' एवढे सांगून भागत नाही, कारण मांसाच्या रश्शाला किंवा वरून भुरभुरलेल्या खिम्याला कित्येक आचारी मांस समजत नाहीत. 'मी शाकाहारी आहे. मांस, रस्सा, प्राण्यांची चरबी, मासे आणि सुकी कोळंबी चालत नाही' असे चिनीत लिहिलेले वाक्य वर्गमित्राकडून तपासून फोनवर ठेवावे आणि मागणी देण्याआधी दाखवावे. बोलून दाखवायचे तर 'वो छ्र सू' म्हणावे. जेवणानंतर पिवळसर तळलेला पर्सिमन फळाचा गोड वडा आणि बिंगफंग नावाचे स्थानिक संत्र्याचे सरबत हवे तर घ्यावे. दोन्ही बरेच गोड असतात.

पोट हलके झाले की ह्वाज्वे गल्लीतली मोठी मशीद पाहावी. परंपरेने तिची स्थापना ७४२ साली झाल्याचे सांगतात; आजच्या इमारती मुख्यतः मिंग काळातल्या. घुमट आणि मिनार शोधू गेल्यास निराशा होईल, कारण छपरे, कमानी आणि अंगणे सगळी चिनी धाटणीची आहेत. फरक दिशेत आहे. चिनी मंदिरांचा अक्ष सहसा उत्तर-दक्षिण असतो, तर येथे अंगणामागून अंगण पश्चिमेकडे, मक्केच्या दिशेने उघडत जाते. प्रार्थनागृहात मुस्लिमेतरांना प्रवेश नाही, दारातून पाहता येते.

दोन पॅगोडा

तिसऱ्या प्रहरी दमछाक झालेली असेल तर छोटा हंस पॅगोडा गाळून थेट मोठ्याकडे जावे, कारण तेथे सायंकाळी प्रवेश बंद होतो आणि चारपर्यंत पोहोचलेले चांगले. अंगात बळ असल्यास नानशावमन स्थानकावर उतरून छोटा पॅगोडा आधी करावा. इ.स. ७०७ ते ७०९ मध्ये बांधलेल्या या मनोऱ्याला मुळात पंधरा मजले होते. १५५६ च्या भीषण भूकंपात वरचे ढासळले आणि आता तेरा उरले आहेत. त्याच उद्यानात शीआन संग्रहालय आहे. प्रवेश विनामूल्य, पण नोंदणी करून, आणि मंगळवारी बंद. शांशी इतिहास संग्रहालय अधिक नावाजलेले असले तरी त्याच्या विनामूल्य तिकिटांची काही दिवस आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते, ती भराभर संपतात, आणि सोमवारी ते बंद असते. मिळालेच तर त्याला निदान तीन तास द्यावेत, म्हणजे ते या दिवसात बसत नाही.

मोठ्या पॅगोडासाठी श्याओझाय स्थानकावर तिसऱ्या मार्गिकेत बदलून एकच स्थानक पुढे दायानथा येथे उतरावे. महाराष्ट्रातून आलेल्या विद्यार्थ्याचा या वास्तूशी खरोखरीचा संबंध आहे. शालेय पुस्तकांत ह्युएनत्संग किंवा युआन श्वांग म्हणून भेटणारा भिक्षू ६४५ साली ६५७ ग्रंथ घेऊन भारतातून परतला आणि ते ग्रंथ सुरक्षित राहावेत म्हणून ६५२ साली त्याच्या देखरेखीखाली हा मनोरा त्सअन मंदिराच्या आवारात उभा राहिला. भारतात असताना तो दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात आला होता. त्याच्या प्रवासवर्णनात महाराष्ट्र या देशाचे स्वतंत्र प्रकरण आहे: येथील लोक साधे आणि मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानाचा सूड घेतल्याशिवाय राहत नाहीत, असे तो लिहितो. डोंगरातील अंधाऱ्या दरीत कोरलेल्या एका विहाराचेही त्याने वर्णन केले आहे. अभ्यासक ते सामान्यतः अजिंठ्याशी जोडतात. हे सारे परतल्यावर याच नगरीत, ६४६ साली, लिहून पूर्ण झाले.

आवाराच्या आणि मनोऱ्यावर चढण्याच्या शुल्काची तिकिटे वेगळी असतात. मनोरा सात मजली, साधारण ६४ मीटर उंच आणि किंचित कललेला आहे. वर अरुंद खिडक्या आहेत. दक्षिणेकडून पाहिले तर आधुनिक शहर दिसते आणि थांग काळातल्या पेठांची आखणी कल्पनेनेच भरून घ्यावी लागते. चढणे जमत नसेल तर खेद नको. पाहण्यासारखी खरी वस्तू तळाशी, दक्षिण दाराच्या दोन्ही बाजूंच्या कोनाड्यांत आहे: सम्राट आणि युवराज यांनी युआन श्वांगच्या भाषांतरांना लिहिलेल्या प्रस्तावना, नामवंत सुलेखनकार छू स्वेईल्यांग याच्या हस्ताक्षरात ६५३ साली कोरलेल्या. सकाळी बेइलिनमध्ये नजर बसलेली असल्यास या बारीक, लवचिक रेघा वेगळ्या आहेत हे लिपी न येणाऱ्यालाही कळते.

अंधार पडल्यावर

पॅगोडाच्या दक्षिणेला थांग काळाच्या नावाने उभारलेला, दिव्यांनी झगमगणारा लांबलचक पादचारी मार्ग आहे. भाड्याचे रेशमी पोशाख घालून छायाचित्रे काढणारी तरुण मंडळी, खाद्यपदार्थांच्या गाड्या, ढोलताशांचे खेळ. हे सगळे नवे आहे आणि जुने असल्याचा आव आणते, पण वर्गातले चिनी मित्र सोबत असतील तर मजा येते. एक तास पुरतो. सुट्टीच्या संध्याकाळी येथे चालणे म्हणजे ढकलले जाणे असते, तेव्हा गटाने गेल्यास भेटण्याची जागा आधी ठरवावी.

परतीची मेट्रो रात्री अकराच्या आसपास आटोपते आणि बऱ्याच वसतिगृहांची दारेही त्याच सुमारास बंद होतात, तेव्हा दहाला निघावे. घरी फोन करायचा असल्यास भारत अडीच तास मागे असल्याने त्या वेळी तेथे जेवणाची पाने वाढलेली असतात.

मातीच्या सैनिकांसाठी दुसरा संपूर्ण दिवस ठेवावा. १९७४ मध्ये विहीर खणताना सापडलेली ही फौज शहराच्या पूर्वेला लिंटोंग येथे आहे. नवव्या मार्गिकेने ह्वाछिंगछी स्थानकापर्यंत जाऊन पुढे बस घ्यावी, तिकीट पासपोर्टवर आधीच काढावे, आणि तेथे सकाळी दार उघडण्याच्या वेळी हजर असावे.